बंदुकीचं कपाट आणि मिनिटांचा हिशेब

मंडळी, होस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाचा कुलपाचा थोडाफार अभ्यास झालेला असतोच. किल्ली हरवली की आपण वॉर्डनकडे जात नाही. शेजारच्या खोलीतला कोणीतरी हॅक्सॉ ब्लेड घेऊन येतो, दहा मिनिटांत कुलपाची कडी कापतो आणि वर चहाही मागतो. म्हणजे आपल्या ट्रंकेला लावलेल्या कुलपाची खरी किंमत ऐंशी रुपये नसून दहा मिनिटं असते. हा लेख त्या दहा मिनिटांबद्दलच आहे. फक्त कपाट होस्टेलचं नाही, माझ्या घरचं आहे, आणि आत बंदूक आहे.

घरात बंदूक म्हटलं की पुण्या-मुंबईचे मित्र माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. म्हणून आधी खुलासा. आमचं गाव सिंधुदुर्गात, जंगलाला लागून. रानडुकरं एका रात्रीत माडाची आणि पोफळीची लहान रोपं उकरून टाकतात, भात पोटरीवर आला की शेतात लोळतात. शेती संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळतो, तसा आमच्याकडे आजोबांपासून आहे. आजोबा सत्तरीच्या पुढे गेल्यावर तो रीतसर बाबांच्या नावावर झाला. रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे आमची बंदूक बहुतेक वेळा हवेत बार काढण्यापुरतीच बाहेर येते. ती आहे बाराबोर, दुनळी. बाराबोर म्हणजे काय, हा प्रश्न मला वायव्हात कोणी विचारला नाही, तरी सांगून ठेवतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एकेका गोळीचा जो व्यास येईल, तो त्या नळीचा व्यास. साधारण १८.५ मिलीमीटर.

२०१८ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी आठवीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो. मुंबईहून आत्या आली होती, तिचा सहा वर्षांचा मुलगा बरोबर. बंदूक तेव्हा माजघरात पेटाऱ्यामागे, कापडी गवसणीत उभी असायची. दुपारी मोठी माणसं जेवून आडवी झाली होती. मी ओटीवर पुस्तक वाचत होतो. मागून "ठो!" असा आवाज आला. वळून बघतो तर हा पठ्ठ्या बंदूक जमिनीवरून ओढत आलेला, दस्ता जमिनीला टेकवलेला, दोन्ही नळ्यांची तोंडं माझ्या पोटाकडे. मला हसू आलं. मी दोन्ही हात वर करून मेल्याचं सोंगही केलं.

बाबा पाणी प्यायला उठले होते. त्यांनी धावत येऊन बंदूक काढून घेतली आणि मोडून उघडली. उजवी नळी रिकामी होती. डाव्या नळीत काडतूस होतं. आदल्या रात्री बागेत एक बार काढला होता, दुसरा तसाच राहिला होता. सेफ्टीचा खटका मागे होता, म्हणून मी आज हा लेख लिहितोय. बाबा काही बोलले नाहीत. ते खाली बसले, आणि बराच वेळ त्यांना उठता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बंदूक कपड्यांच्या लोखंडी कपाटात गेली. किल्ली देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला लटकली. सगळ्यांना वाटलं, झालं काम. मलाही तसंच वाटलं. पुढे २०२५ मध्ये परवान्याचं नूतनीकरण आलं, तेव्हा बाबांनी बंदुकीसाठी स्वतंत्र कपाट घ्यायचं ठरवलं आणि मला म्हणाले, "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग कुठलं घ्यायचं ते." आजोबांनी पडवीतून विचारलं, "कित्याक? बंदूक काय सोन्याची आसा?" त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जे शिकलो, ते खाली देतो. यातलं बरंचसं घरच्या कोणत्याही तिजोरीला लागू पडतं.

१. तिजोरी मिनिटांत मोजतात

दुकानदार तिजोरी विकताना ती अभेद्य आहे म्हणतो. इंजिनिअरने या शब्दावर कधीच विश्वास ठेवू नये. लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कारागिराच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलेलं असे, आणि ते किल्लीशिवाय उघडणाऱ्याला दोनशे गिनींचं बक्षीस होतं. साठएक वर्षं ते कोणी उघडलं नाही. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाचा अमेरिकन आला आणि त्याने ते उघडलं. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. म्हणजे ते कुलूपही न उघडणारं नव्हतं, एक्कावन्न तासांचं होतं.

आजची मानकं हेच उघडपणे सांगतात. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेच्या चाचणीत घरगुती कपाटाला किमान दर्जा मिळण्यासाठी साध्या हत्यारांपुढे पाच मिनिटं टिकावं लागतं. त्याच्या वरचा 'टीएल-१५' हा दर्जा पंधरा मिनिटांचा. यात गंमत अशी की घड्याळ फक्त हत्यार प्रत्यक्ष चालू असतानाच चालतं. कारागीर घाम पुसायला थांबला की घड्याळही थांबतं. युरोपात ईएन ११४३-१ नावाचं मानक आहे, त्यात श्रेण्या आहेत. जर्मनीत २०१७ पासून नव्याने घेतलेलं बंदुकीचं कपाट निदान त्यातल्या शून्य श्रेणीचं असावं लागतं. शून्य म्हणजे काहीच नाही असं समजू नका, ती त्या मानकातली पहिली पायरी आहे. ब्रिटनमध्ये बंदुकीच्या कपाटासाठी बीएस ७५५८ हे वेगळं मानक आहे. आपल्याकडे तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० आहे.

तेव्हा दुकानात पहिला प्रश्न "मजबूत आहे का?" हा विचारू नका. "कोणत्या चाचणीला, किती मिनिटं?" असा विचारा. मी कोल्हापुरात तीन दुकानांत विचारला. दोघांनी चहा मागवला, एकाने विषय बदलला.

२. पत्रा

पत्र्याची जाडी आपल्याकडे गेजमध्ये सांगतात आणि तिथेच लोक फसतात, कारण गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिमी, १४ गेज सुमारे २ मिमी, १० गेज सुमारे ३.२५ मिमी. कपड्यांचं कपाट २० गेजच्या आसपासचं असतं. आता स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स आठवा. सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.९ च्या जागी ३ मिमी घेतला तर जाडी सव्वातीनपटीहून थोडी जास्त, पण विरोध जवळपास ३७ पट. पैसे ३७ पट लागत नाहीत. परीक्षेसाठी पाठ केलेलं सूत्र खिशाच्या उपयोगी पडतं ते असं.

आमची बंदूक जोडलेल्या अवस्थेत सव्वा मीटरच्या आत बसते. त्यामुळे कपाट १४०० मिमी उंच, ४५० रुंद आणि ३५० खोल ठरवलं. सगळ्या बाजूंचं क्षेत्रफळ साधारण २.५५ चौरस मीटर. ३ मिमी पत्रा धरला तर नुसत्या पत्र्याचं वजन ६० किलो, चौकट आणि बोल्ट धरून ७५ च्या आसपास. उंची मोजताना बंदूक तिरकी ठेवावी लागणार नाही ना आणि नळीचं तोंड छताला घासणार नाही ना, हे पाहा.

३. दार आणि पहार

गावाकडचा चोर ड्रिल मशीन घेऊन येत नाही, पहार घेऊन येतो. ९० सेंटिमीटरची पहार आणि टेकूपासून टोकापर्यंत ३ सेंटिमीटर अंतर धरलं तर एकास तीसची तरफ झाली. माणसाने ४० किलोचा जोर लावला तर टोकाला १२०० किलो! या हिशेबापुढे जाड पत्राही वाकतो. म्हणून पहारीचं टोक आत शिरूच नये ही खरी युक्ती. दार चौकटीच्या आत बसणारं हवं, वरून टेकणारं नको. दार आणि चौकट यांतली फट जेमतेम असावी आणि चौकटीला आतून अँगलची पट्टी असावी.

बिजागरी बाहेर दिसली तर घाबरायचं कारण नाही, पण एक गोष्ट तपासा. बिजागरीच्या बाजूलाही दाराला आतून पक्की पट्टी किंवा बोल्ट आहेत का? नसतील तर बिजागरी ग्राइंडरने कापली की दार सरळ हातात येतं. कुलपाच्या समोर एक कडक पोलादाची चकती असावी, म्हणजे ड्रिलचं पातं बोथट होतं. लॉकिंग बोल्ट किती आहेत यापेक्षा ते कशात अडकतात हे महत्त्वाचं. जाडजूड सहा बोल्ट दीड मिमीच्या चौकटीत अडकत असतील तर ती शोभा झाली.

४. बांधणी

७५ किलोचं कपाट दोन माणसं उचलून टेंपोत टाकतात. मग घरी नेऊन त्यांना मिनिटं मोजायची गरजच उरत नाही. म्हणून कपाट जमिनीला किंवा भिंतीला बांधलंच पाहिजे. इथे आमची खरी अडचण आली. कोकणातली घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. त्यात अँकर फास्टनर ठोकला की फुगताना तो दगडच चुरतो आणि थोड्या दिवसांनी बोल्ट हाताने फिरतो. शहरातल्या कॉंक्रीटच्या भिंतीसाठी लिहिलेल्या सूचना इथे चालत नाहीत.

आम्ही खोलीच्या कोपऱ्यात खणून, सळ्या घालून एक छोटा कॉंक्रीटचा ओटा ओतला आणि ओततानाच त्यात चार जे-बोल्ट बसवले. कपाटाच्या तळाला चार भोकं, आणि नट आतून. मागच्या भिंतीतून दोन बोल्ट आरपार काढून पलीकडे लोखंडी पट्टी लावली. बाजूला भिंतीचा कोपरा आल्यामुळे पहार फिरवायला जागाच उरली नाही. २०२५ मध्ये पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणात येऊन थडकला, त्यामुळे क्युरिंगसाठी पाणी मारायची चिंता मिटली, उलट ओट्यावर ताडपत्री धरून उभं राहायची वेळ माझ्यावर आली!

५. गंज

ओटा चार इंच उंच ठेवायचं आणखी एक कारण होतं. पावसाळ्यात आमच्याकडे जमिनीला पाझर फुटतो. बंद कपाटातली दमट हवा रात्री थंड होते, पोलादावर दव धरतं आणि नळीला गंज चढतो. गंजलेली नळी बार काढताना चालवणाऱ्यालाच धोक्याची. कपाटाला आतून मखमल लावलेली छान दिसते, पण ती ओल धरून ठेवते. कातडी किंवा कापडी गवसणीचंही तेच, कपाटात बंदूक उघडीच ठेवावी. सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा. त्या ओलावल्या की सुमारे १२० अंशाला तापवून पुन्हा वापरता येतात. महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवा.

आगीपासून संरक्षण म्हणून काही तिजोऱ्यांत जिप्समचे थर असतात. जिप्सममध्ये वजनाच्या पाचवा हिस्सा पाणी रासायनिक रीतीने बांधलेलं असतं. आगीत ते वाफ होऊन उष्णता शोषतं. कल्पना सुंदर आहे, कागदपत्रांच्या तिजोरीला उत्तम आहे. पण आमच्या हवेत ते थर दमटपणा वाढवतील असं वाटलं, म्हणून आम्ही ते घेतले नाहीत. प्रत्येक सोयीची किंमत कुठेतरी मोजावी लागते, हे डिझाइनच्या पहिल्या तासालाच शिकवतात.

६. कुलूप

चार आकडी कोड म्हणजे दहा हजार शक्यता, सहा आकडी म्हणजे दहा लाख. ऐकायला भारी वाटतं. पण घरचा माणूस कोड म्हणून जन्मतारीख ठेवतो आणि दहा हजाराचे ३६६ होतात. त्यातही घरातल्या मुलाला सगळ्यांचे वाढदिवस पाठ असतात, कारण केक त्यालाच खायचा असतो. तेव्हा जन्मतारीख, गाडीचा नंबर, १२३४ हे सगळं बाद. पाच-सहा वेळा चुकल्यावर काही मिनिटं बंद होणारं कुलूप घ्यावं.

बोटाच्या ठशाचं कुलूप मला फार आवडलं होतं. दुकानात माझं बोट पहिल्या झटक्यात ओळखलं. बाबांचं सात वेळा ठेवूनही ओळखेना. कोयता-कुदळ धरून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या आहेत. दुकानदार म्हणाला, "हात ओले असतील." बाबा आपल्या हातांकडे बघत राहिले. मी ते कुलूप बाजूला ठेवलं.

स्वस्त, छोट्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांबाबत एक धोका. काहींच्या आत फक्त एक स्प्रिंग आणि सोलेनॉइडची बारीक दांडी असते. पेटीला योग्य जागी दणका दिला की दांडी क्षणभर उडते आणि दार उघडतं. कोड बरोबर असो वा नसो. विकत घेण्याआधी विचारा की बोल्ट नक्की कशाने अडतो.

७. किल्ली

आता मूळ मुद्दा. वरचे सहा मुद्दे बरोबर पाळून, तीन मिमीचं कपाट कॉंक्रीटमध्ये रोवून, किल्ली देव्हाऱ्यामागे टांगली तर त्या कपाटाची किंमत किती? चोरासाठी कदाचित पंधरा मिनिटं. घरातल्या माणसासाठी अर्धं मिनिट. आणि २०१८ साली माझ्यापुढे बंदूक धरून उभा होता तो चोर नव्हता.

इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, ती लिहू की नको यावर बराच विचार केला. बाबांना विचारून लिहितोय. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. हंगामाचा शेवटचा आंबा झाडाखाली पडला, काजूची आणि माडाची झाडं उन्मळली. त्यात कोविडचं वर्ष. बाबा दोन-तीन महिने फारसं बोलतच नव्हते. जेवायला बसायचे, पान तसंच राहायचं. रात्री अंगणात एकटे उभे असायचे. त्या दिवसांत कधीतरी माझ्या लक्षात आलं, की देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला किल्ली नाही. ती आईच्या कमरेला होती, झोपतानासुद्धा. तिने का ते सांगितलं नाही, आम्ही कोणी विचारलं नाही. पुढे बाबा सावरले, शेजाऱ्यांनी मिळून बागा साफ केल्या, कलमं पुन्हा लावली. एक दिवस किल्ली खिळ्यावर परत आली.

कपाटाचा अभ्यास करताना मला एक संशोधन सापडलं. २००५ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेलं. ज्या घरांत मुलं आहेत आणि बंदूकही आहे, तिथे चार सवयी तपासल्या होत्या: बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसं कुलपात, आणि काडतुसं बंदुकीपासून वेगळी. या चारही सवयींचा, प्रत्येकीचा स्वतंत्रपणे, मुलांच्या अपघातांशी आणि आत्महत्यांशी उलटा संबंध दिसला. सवय असलेल्या घरांत धोका कमी. मी ते वाचलं तेव्हा मला आईच्या कमरेची किल्ली आठवली. तिने काही वाचलेलं नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की माणसाच्या मनावरची वाईट वेळ पुष्कळदा थोड्या मिनिटांची असते, आणि ती मिनिटं कोणीतरी मध्ये उभं राहून घालवावी लागतात. कपाट हेच काम करतं. चोर, लहान मूल आणि आपलं स्वत:चं मन, तिघांनाही ते एकच गोष्ट सांगतं: थांब जरा.

आम्ही काय केलं

तयार कपाट आमच्या मापात आणि पैशात बसेना. शेवटी कुडाळच्या एका फॅब्रिकेटरकडून ३ मिमी पत्र्याचं करून घेतलं. रेखाचित्र माझं, वेल्डिंग त्यांचं. माझ्या रेखाचित्रात दार उघडायला जागाच ठेवलेली नव्हती, हे त्यांनी दाखवून दिलं, ते आमच्या सरांना कळवू नये ही विनंती.

दाराला दोन कुलपं लावली. एक आकडी, एक लिव्हरचं किल्लीवालं. बँकेच्या लॉकरला जशा दोन किल्ल्या लागतात, बँकेची आणि आपली, तसंच. आकडा फक्त बाबांना ठाऊक. किल्ली आईकडे. परवाना बाबांचा आहे, म्हणून त्यांच्याशिवाय ते कोणीच उघडू शकत नाही, हे कायद्याला धरून. आणि बाबांनाही ते एकट्याने उघडता येत नाही, हे घराला धरून. रात्री डुकरं आली तर आईला उठवावं लागतं. तोपर्यंत डबे वाजवून डुकरं पळवता येतात, हेही आमच्या ध्यानात आलं! दोन्हींच्या जोड किल्ल्या आणि आकड्याचा बंद लिफाफा बँकेच्या लॉकरमध्ये आहे.

काडतुसं दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपाच्या लोखंडी पेटीत. बंदूक कपाटात जाण्याआधी मोडून दोन्ही नळ्यांतून उजेड बघायचा, हा नियम. बाबा बघतात, मग आई बघते.

आईने एक सूचना केली होती, दागिनेही त्याच कपाटात ठेवूया. मी पहिल्यांदा हो म्हणालो, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं. दागिने ठेवले की लग्नकार्याला, सणावाराला कपाट उघडणार. आत्या उघडणार, काकू उघडणार, मुलं मागे उभी राहणार. बंदुकीच्या कपाटात फक्त बंदूक हवी. जितक्या कमी वेळा उघडेल तितकं चांगलं.

कायद्याचंही थोडं. शस्त्र कायदा १९५९ चा, सध्याचे नियम २०१६ चे. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकाची असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षं झाली. निवडणुका आल्या की बंदुका जमा करण्याचे आदेश निघतात, ते गावात सगळ्यांना माहीत असतं. पण एरवीसुद्धा घरात कोणाचं मन थाऱ्यावर नसेल, भांडण पेटलं असेल, तर बंदूक काही दिवस पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा ठेवता येते. त्यात कमीपणा काही नाही. २०२१ साली हे आम्हाला ठाऊक असतं तर आईला तीन महिने किल्ली कमरेला बांधून झोपावं लागलं नसतं. आणि मित्रहो, हे बंदूक असलेल्या घरांपुरतंच नाही. बॅकलॉगच्या, प्लेसमेंटच्या दिवसांत रूम पार्टनर जेवणाचं ताट तसंच ठेवून उठत असेल, तर त्याच्याजवळ बसा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन नंबर दिवसरात्र चालू असतो, तो आपल्या नोटीस बोर्डवर लावण्यासारखा आहे.

शेवटी आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर. कपाट बसवून झाल्यावर ते काठी टेकत आले, दारावर दोनदा टकटक केलं आणि मला म्हणाले, "उघडून दाखव बघूया." मी म्हटलं, "आजोबा, रेखाचित्र माझं आहे, ओटा मी ओतलाय, बोल्ट मी आवळलेत. पण हे मला उघडता येत नाही."

ते हसले. म्हणाले, "मगे बरा जमला तुका."